गलक्यातलं हसू

पडद्यावरची नटी मान मागे टाकून हसली आणि ते हसणं कानावर पडताच ती खुर्चीत ताठ झाली, कारण ते हसणं तिचं स्वतःचं होतं. तसं पाहिलं तर यात दचकण्यासारखं काही नव्हतं. एकाच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घालायचा, हाच त्या बिनखिडकीच्या इमारतीतल्या सगळ्यांचा पोटापाण्याचा उद्योग. नट पडद्यावर चालायचा आणि त्याची पावलं ही वाजवायची, खडीच्या, वाळूच्या नाहीतर फळ्यांच्या चौकटीत उभी राहून. खलनायकाने कुणाचं हाड मोडलं की इथे माइकसमोर ही गाजर मोडायची आणि तेच गाजर खात पुढच्या दृश्याला लागायची. प्रेमिकांची चुंबनं तिने स्वतःच्या मनगटावर इतकी घेतली होती की मास्तर म्हणायचे, पोरी, तुझ्या मनगटालाच कुणीतरी मागणी घालणार बघ. मास्तर म्हणजे स्टुडिओचे मुख्य ध्वनिमुद्रक. तिचं नाव खुळखुळा त्यांनीच पाडलं, ती कामावर आली त्याच आठवड्यात, आणि खरं नाव आता तिच्या बहिणीखेरीज कुणी घेत नव्हतं. तेव्हा आवाज उसना देण्याचं तिला नवल नव्हतं. नवल याचं होतं की हे हसणं तिने दिलेलंच नव्हतं. या सिनेमासाठी ती चालली होती, पळाली होती, जिन्यावरून गडगडली होती, पण हसली एकदाही नव्हती.

"हे कुठून आणलंत?" तिने अंधारात शेजारी बसलेल्या चष्म्याला विचारलं. चष्मा ही आवाजांची जोडणी करणारी, तिच्याच वयाची, जिवाभावाची. एकेकाळी दोघी एकाच ग्लासातून प्यायच्या. "जुनं आहे," चष्मा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "साठ्यातलं. छान बसलंय ना?" "पण मी इथेच होते की. मला का नाही सांगितलंत?" यावर चष्म्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अवघड बोलायचं असलं की ती तेवढा वेळ मागून घ्यायची. मग म्हणाली, "अगं, तू आता तशी हसत नाहीस ना."

तशी. पडद्यावरची मेजवानी पुढे चालू राहिली, कुणीतरी कुणाला तरी थोबाडीत मारली (मारली होती हिनेच, गेल्या मंगळवारी, ओल्या टॉवेलवर), पण तिचं लक्ष त्या एका शब्दापाशी अडकून बसलं. तशी म्हणजे कशी? आणि आता कशी? एखाद्या बाईला सहज सांगावं, तुझे केस पूर्वीसारखे राहिले नाहीत गं, त्या सुरात चष्म्याने सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला अपमान वाटला नाही, भीती वाटली. कारण हा प्रश्न ती स्वतःला कितीतरी वेळा विचारून उत्तराआधीच उठून दुसऱ्या कामाला लागली होती. मंडळींत बसल्यावर सगळ्यांना खदखदून हसवणारी, टेबलावर चढून नाचणारी, अनोळखी माणसाच्या गळ्यात पाच मिनिटांत हात टाकणारी ती खुळखुळा, ती आपण होतो की बाटली होती? बाटली गेली तेव्हा नक्की कोण कोण गेलं? डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं होतं, झोपेचं सांगितलं होतं, गोड खावंसं वाटेल हेही सांगितलं होतं. याचं काही सांगितलं नव्हतं.

दारू सोडली ती गेल्या हिवाळ्यात. त्यात नाटक काही झालं नाही. एका सकाळी माइकसमोर किल्ल्यांचा जुडगा धरून ती उभी होती. पडद्यावरचा माणूस दाराशी पोचला की मगच तो वाजायचा होता, आणि तो माणूस अजून रस्त्यावर असतानाच जुडगा वाजायला लागला. तिने मूठ घट्ट केली, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी किल्ल्या आपल्या वाजतच होत्या. काचेपलीकडे मास्तरांनी मुद्रण थांबवलं. त्या दिवशी ती घरी गेली आणि मग जे काही घाम, थरथर, उलट्या, भिंतीवर सरपटणारे किडे वगैरे व्हायचं ते यथासांग झालं, आणि त्याबद्दल बोलत बसायची तिला हौस नव्हती. लोकांना फार असते. तुमच्या पडण्याच्या गोष्टी ऐकायला लोक मांडी घालून बसतात; उठून चालायला लागलात की त्यांना एकदम घरचं काम आठवतं.

पण स्टुडिओतली माणसं तशी नव्हती. ती चांगली होती आणि वांधा तोच होता. कामं संपली की शनिवारी गच्चीवर बसायचा त्यांचा जुना रिवाज; तिला बोलावणं बंद झालं. कुणी तसं ठरवलं नसेल, पण झालं. एकदा ती न बोलावताच वर गेली तर मुख्याध्यापक आल्यावर पोरं विड्या लपवतात तसे सगळ्यांचे ग्लास कठड्यामागे गेले, आणि प्रत्येक जण तिच्याशी दवाखान्यात भेटायला आल्यासारखा हळू आवाजात बोलू लागला. तब्येत कशी आहे, झोप लागते का. अरे, लागते की झोप! झोपेशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. हवामानावर दहा मिनिटं काढून ती खाली उतरली, आणि जिन्याच्या वळणावर पोचते न पोचते तोच वरून हास्याचा असा गडगडाट झाला, जणू बांध फुटला. तिच्यावर हसले नव्हते ते. तिच्या जाण्याने मोकळे झाले होते. त्याने जास्त लागलं.

घरी ताई होती. थोरली बहीण, थरथरीच्या दिवसांत एक पिशवी घेऊन आठवड्यासाठी म्हणून आली ती राहिलीच. रात्र रात्र उशाशी बसली, तोंडात चमच्याने पातळ पेज भरवली, ओल्या चादरी बदलल्या, आणि त्याचा एका शब्दाने कधी उच्चार केला नाही. अशा माणसाविरुद्ध तक्रार करायला तोंड उरत नाही. पण टीव्ही बघताना ही मोठ्याने हसली की स्वयंपाकघरातली भांडी थांबायची. हात पुसत ताई बाहेर यायची, काहीतरी निमित्त काढून जवळ वाकायची, खांद्यावरचा न दिसणारा धागा उचलायची, आणि तेवढ्यात तिचं नाक आपलं काम करून घ्यायचं. मग ताईचा चेहरा सैल व्हायचा. "काय गं, एवढं काय विनोदी आहे?" असं प्रेमाने विचारायची आणि आत जायची. दोनचारदा असं झाल्यावर ती ओठ मिटून हसायला शिकली, सभेत शिंक दाबतात तसं. आता अंधारात बसल्या बसल्या तिला हे पहिल्यांदाच नीट दिसलं: हसू बाटलीबरोबर गेलं नव्हतं. ते रोज तपासून तपासून बंद पाडलं होतं. आणि हे खरं की ही आपली सोयीची समजूत, हे कळायला काही मार्ग नव्हता, एक सोडून.

दिवे लागले. "मला पूर्ण ऐकायचंय," ती म्हणाली. "हे हसणं ज्या मुद्रणातून काढलं ते सगळं." चष्मा म्हणाली, "कशाला उगाच?" आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खुळखुळ्याकडे बघितलं आणि ते यंत्राशी जाऊन बसले. त्यांचं एक होतं, ते दया दाखवायचे पण लपवाछपवी करायचे नाहीत.

ते मुद्रण गलक्याचं होतं. सिनेमात मेजवानी असली, बाजार असला, दंगल असली की मागून माणसांचा जो एकत्र आवाज येतो त्याला स्टुडिओत गलका म्हणत. इतरत्र तो भाड्याच्या माणसांकडून करून घेतात. इथे मास्तरांनी पूर्वीपासून पद्धत पाडली होती की मेजवानीचा गलका आपणच करायचा, आणि तो खोटा करायचा नाही: मधोमध टेबल, खऱ्या बाटल्या, खरा बर्फ, कोपऱ्यांत माइक, आणि सगळ्यांनी दोन तास खरोखरची पार्टी करायची. माणूस सैल झाल्याशिवाय आवाज सैल होत नाही, असं त्यांचं शास्त्र. त्या गलक्यांची राणी ही होती. आता कर्ण्यांतून तो जुना गलका सुरू झाला: ग्लास, खुर्च्या, चष्म्याचा किनरा आवाज, आणि मग ते हसणं. घंटेसारखं, वर वर चढत जाणारं, सिनेमात ठेवलं होतं तेवढं, आणि त्याच्याही पुढे, वर, आणखी वर, गाडीचा ब्रेक लागू नये तसं. मग ते एकदम तुटलं. शांतता झाली. आणि त्या शांततेत तिचाच आवाज, जड, लहान मुलीसारखा, म्हणाला, "कोण हसलं?"

त्यावर सगळे हसले होते. खो खो हसले होते. मुद्रणात तिचा आवाज पुन्हा विचारत होता, "नाही, सांगा ना, कोण हसलं?" आणि हशा वाढत होता, कुणीतरी टेबल बडवत होतं. मास्तरांनी बटण दाबलं. चष्मा आपल्या बुटांकडे बघत होती. तिला स्वतःला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. ती संध्याकाळ तिच्या डोक्यात कुठेच नव्हती. तिथे नुसता पांढरा चुना फासलेला होता. इतकी वर्षं ज्या हसण्याची लोक तारीफ करत होते, जे किती सिनेमांत किती बायकांच्या तोंडी घातलं गेलं देव जाणे, त्या हसण्याच्या वेळी घरात कुणी नव्हतंच. दार उघडं होतं, दिवे चालू होते, आणि घरात कुणी नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं. आला तो राग. चांगला, गरम, पायांपासून चढणारा राग, आणि त्याच्या येण्याने तिला जरा बरंच वाटलं.

"ते काढा," ती म्हणाली.

"उद्या सकाळी सिनेमा जायचाय पोरी," मास्तर म्हणाले. "आणि तिथे रिकामं नाही ठेवता येणार. नटीचे दात दिसतायत."

"मी दुसरं देते."

"खुळे, हट्ट करू नकोस," चष्मा म्हणाली. "तुला त्रास होऊ नये म्हणूनच तर आम्ही..."

"मला त्रास होऊ नये म्हणून माझ्या बेशुद्धीतलं हसू वापरलंत होय?" तिने विचारलं. "या मेजवानीचा गलका आजच करणार आहात ना? म्हणून मला लवकर जा म्हणालात ना? मी नाही जाणार. मी थांबणार, त्या टेबलाशी बसणार आणि हसणार. दारू सोडलीय मी, तुम्हाला नाही सोडलेलं." हे म्हणून झाल्यावर तिला वाटलं की हे वाक्य आपण इथेच कधीतरी कुणाच्या तरी तोंडी बसवलेलं असणार. पण वाक्य जुनं असलं म्हणून काय झालं, खरं होतं.

मास्तरांनी डोकं खाजवलं. "हसू नाही जमलं तर जुनंच राहील," ते म्हणाले. "कबूल?" "कबूल," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला गेली. आरशात तिने एकदा हसून बघितलं. दात दिसले, बाकी काही नाही.

ती परत आली तेव्हा टेबल मांडलं होतं. दोन बाटल्या, बर्फाचं भांडं, ग्लास. पाचसहा जण जमले होते, रोजचेच. दारातच तिने नाकाने श्वास घेणं थांबवलं. तो वास आपल्याला धरून आत ओढतो हे तिला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं होतं आणि त्याची तिला लाज वाटली नाही. भूक लागते, तहान लागते, तसं हे लागतं. लागलं म्हणून घेतलंच पाहिजे असं थोडंच आहे? ती जाऊन टेबलाच्या मधोमध बसली, स्वतःच्या ग्लासात साधं पाणी आणि चार बर्फाचे खडे घेतले, कानांवर हेडफोन चढवले आणि काचेपलीकडे मास्तरांना हात केला. गलका सुरू झाला.

गलका कसला, शोकसभा! ग्लास उचलण्याआधी प्रत्येक जण तिच्याकडे बघून माफी मागितल्यासारखं करायचा. चष्मा म्हणाली, "यंदा थंडी कमी आहे, नाही?" पलीकडचा म्हणाला, "हो ना, पूर्वी जास्त असायची." कुणीतरी खोकलं. मग दोघे जण एकदम झुलायला लागले, आणि इतके वाईट झुलले की नटांना हाकलून देणाऱ्या दिग्दर्शकानेही दया करून आणखी एक संधी दिली असती. खोलीतल्या कर्ण्यातून मास्तरांचा आवाज आला, "मंडळी, पार्टी आहे. कुणी गेलेलं नाही." तेव्हा तिनेच कंबर कसली. तिने जुन्या गोष्टी काढल्या, ओल्या टॉवेलच्या थोबाडीत स्वतःलाच कशी लागली ते सांगितलं, एका नटाची चाल करून दाखवली. लोक ह्या ह्या करून हसले, चांगल्या घरच्या पाहुण्यांसारखे. खुणेचा लाल दिवा लागला आणि ती हसली. घरमालकापुढे भाडेकरू हसतो तसं बाहेर पडलं. "छान," मास्तर म्हणाले. मास्तर छान म्हणाले म्हणजे काम बिघडलं हे सगळ्या स्टुडिओला माहीत होतं. दुसऱ्यांदा ती घंटेसारखं हसायला गेली आणि मध्येच आवाज चिरकला. तिसऱ्यांदा तिने काहीच ठरवलं नाही, नुसतं तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. डोक्यात एकच गर्दी: ताईचं नाक, चष्म्याचं ते 'तशी', आणि भिंतीतून आल्यासारखा तो जड आवाज, कोण हसलं, कोण हसलं. "राहू दे आता," हेडफोनमध्ये मास्तर अगदी मऊ बोलले. "जमेल तेव्हा जमेल. आज जुनं राहू दे." "नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण टेबल धरून म्हणाली.

नेमक्या याच वेळी खर्जराव आले. खर्जराव म्हणजे राक्षस, न्यायाधीश आणि भुतं यांचे आवाज देणारे गृहस्थ. देहाने भरभक्कम, स्वभावाने लोणी. दुसऱ्या खोलीत एका राक्षसाला मारून थेट इकडे आलेले. आठवडाभर सर्दीने नाक इतकं चोंदलं होतं की राक्षस आणखीच खोल लागला होता. "खुळखुळा बसलीय! व्वा!" म्हणत त्यांनी ग्लास पुढे केला. चष्मा घाईने उठली, "खर्जराव, तुम्ही राहू दे आज, सर्दी आहे," म्हणू लागली, पण सर्दीवर याहून औषध नाही असं सांगून त्यांनी पहिला ग्लास उभ्या उभ्या संपवला, दुसरा बसून, आणि तिसरा हातात धरून डोळे मिटले. मग ते बदलू लागले. गळपट्टा सुटला. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात पडला. त्यांनी चष्म्याला सांगितलं की तू मला पाठच्या बहिणीसारखी आहेस, आणि हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी आई म्हणायची ते अंगाईगीत राक्षसाच्या आवाजात म्हणायला घेतलं. बाकीचे सगळे, आश्चर्य म्हणजे, त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होते. जणू माणूस पिऊन गातो हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

चौथा ग्लास भरला जात होता तेव्हा तिने मान वर केली. हेडफोनमध्ये टेबलावरच्या माइकचा आवाज अगदी कानाशी येत होता, आणि तो आवाज चुकत होता. इतकी वर्षं तिने पडद्यावरच्या पिणाऱ्यांसाठी ओतलं होतं. थंड पाणी, कोमट पाणी, तेल, सरबत. थंड काही ओतलं की आवाज टणक येतो, काचेवर नख मारल्यासारखा. गरम ओतलं की बसका, गुबगुबीत. हा बसका होता. आणि ग्लासात पडताच बर्फ तडतडला, एकदा नाही, तडतडतच राहिला. व्हिस्कीने बर्फ असा नाही ओरडत. तिने हात लांब करून बाटलीला लावला. बाटली कोमट होती. मग तिने, सगळं धैर्य गोळा करून, मघापासून बंद ठेवलेल्या नाकाने मोठा वास घेतला. कोरा चहा.

तिने चष्म्याकडे बघितलं. चष्म्याचे कान लाल झाले होते. तिने एकेकाकडे बघितलं, आणि एकेकाने मान खाली घातली. म्हणजे ही तोंड धुवायला गेली तेवढ्यात या लोकांनी खालच्या उपाहारगृहातून घाईघाईने चहा उकळून आणून बाटल्यांत भरला होता आणि मघापासून ही सगळी मोठी, मिळवती, काही आजोबा झालेली माणसं तिच्यासाठी चहा पिऊन झुलत होती! राग तिच्या डोक्यात गेला. पुन्हा तेच. पुन्हा कापसात गुंडाळणं, पुन्हा कठड्यामागचे ग्लास. ती उठली, हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आता एकेकाला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून तोंड उघडलं, आणि खर्जराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले होते. त्यांच्या गालांवरून आसवं ओघळत होती.

"तू धन्य आहेस," ते पाताळातून बोलल्यासारखे म्हणाले. "तू समोर बसून पाणी पितेस. आणि मी? मी तीन ग्लासांत वाहून गेलो. हे बघ, मला चढलीय. मला कळतंय मला चढलीय." त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली आणि बोटं मिटवली. "ही घे. नंतर मी मागेन, हातापाया पडेन, शिव्या देईन. पण देऊ नकोस. आता मी स्वतःलाही जबाबदार नाही."

तिच्या नाकातून आधी एक घोरल्यासारखा आवाज आला. तो तिचा तिलाच अनोळखी होता. मग पोटात कुठेतरी उसळलं, आणि ते वर येताना वाटेत दोन ठिकाणी अडलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग जे फुटलं ते घंटेसारखं तर सोडाच, हसण्यासारखंही नव्हतं. हौद रिकामा होताना घशातून काढतो तसला काहीतरी आवाज, मध्ये शिट्टी, मध्ये फुरफुर. ती मागे सरली आणि पावलं वाजवायच्या खडीच्या चौकटीत फतकल मारून बसली, खडी खडखडली, त्याचं आणखी हसू आलं. तिला हसणं थांबवायचं नव्हतं आणि थांबवता येईल हेही तिला कळत होतं. दोन्ही एकदम कळत होतं, हे केवढं सुख होतं! खोली दिसत होती. बुटात गेलेला खडा टोचत होता. चष्मा पोट धरून भिंतीवर आपटत होती, मघाच्या दोन झुलणाऱ्यांतला एक आता खरोखर खुर्चीवरून पडला होता, आणि खर्जराव दोन्ही हात पसरून विचारत होते, "काय झालं? अरे, मला पण सांगा!" सांगायला कुणाला श्वासच नव्हता. शेवटी चष्म्याने बाटली त्यांच्या हातात दिली आणि हुंदके देत म्हणाली, "चहा... खर्जराव... चहा आहे हो." त्यांनी बाटलीकडे पाहिलं, चोंदलेल्या नाकाशी नेली, पुन्हा पाहिलं. "अशक्य," ते मानाने म्हणाले. "मग मला चढली कशी?"

लाल दिवा केव्हापासून लागलेला होता हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काचेपलीकडे मास्तर हाताने खूण करत होते, चालू द्या, चालू द्या.

मग त्यांनी ते चित्रावर लावून ऐकवलं. गुळगुळीत गळ्याची ती नटी मान मागे टाकते आणि तिच्यातून हौद रिकामा होतो. चष्मा डोळे पुसत म्हणाली, "हे तिच्या तोंडी शोभत नाही गं. आणि तुझंही नाही वाटत." "माझंच आहे," ती म्हणाली. "तिला नाही शोभलं तर तिने शिकून घ्यावं." मास्तरांनी ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. या वेळी छान म्हणाले नाहीत. "जुनं काढतो," म्हणाले, आणि काढलं. तेवढ्यात तिने चष्म्याच्या दंडाला धरून तिला बाजूला घेतलं. "आणि हे बघ. पुढच्या वेळी खरी आणायची. तुम्हाला प्यायची तर प्या, नसेल प्यायची तर चहा प्या, मला त्याचं काही नाही. पण माझ्यासाठी नाटकं करायची नाहीत, आणि शनिवारी मला वर बोलवायचं. मी यायचं की नाही ते मी बघेन. माझी वाईट वेळ आली तर मी उठून जाईन, पाय आहेत मला." "बरं," चष्मा म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खरं सांगू? मघाशी मलाही जरा चढल्यासारखं वाटत होतं." यावर दोघी पुन्हा सुटल्या. पलीकडे खर्जराव, सगळं कळूनही, दुसरं कडवं म्हणत होते. त्यांचं म्हणणं होतं की सुरुवात केलेली अंगाई अर्धवट सोडू नये.

फोन आला तेव्हा हसू अजून तिच्या घशात होतं. ताईचा होता.

"कुठे आहेस गं? अंधार पडला बाहेर."

"स्टुडिओत. पार्टी चाललीय."

ताई ऐकत होती, हिचं, हिच्या मागचं, ग्लासांचं, खुर्च्यांचं. "तू हसतेयस," ताई म्हणाली.

"हो."

"आणि ते गातंय कोण तसलं?"

"एकाला चढलीय."

"तिथेच थांब," ताईचा आवाज बारीक झाला. "कुठे जाऊ नकोस. मी येते न्यायला. चपला घालतेच आहे."

चहा आहे गं. तीन शब्द. ते तिच्या जिभेवर येऊन बसले. ते म्हटले असते की ताईने सुस्कारा सोडला असता, चपला काढल्या असत्या, आणि आणखी एक हसणं तपासून पास झालं असतं. मग उद्याचं. मग परवाचं. प्रत्येक वेळी हिने हसायचं आणि मागोमाग पुरावा द्यायचा, आणि एक दिवस पुरावा हाताशी नसेल म्हणून हसायचंच नाही. ताईवर तिचं प्रेम होतं. ओल्या चादरी ती विसरली नव्हती, जन्मात विसरणार नव्हती. पण चादरींची फेड हसण्याने होत नाही. ते तीन शब्द तिने गिळून टाकले.

"ये ना," ती म्हणाली. "पण न्यायला नको येऊस ताई. बसायला ये."

मग ताईने, आयुष्यभर फक्त दवाखान्यांत आणि स्वयंपाकघरांत बसलेल्या तिच्या बहिणीने, चाचरत विचारलं, "मला तिथे कोण ओळखतं?"

"मी ओळखते की," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं, तेच, घोरल्यासारखं, फुरफुरणारं. ते येत असताना तिने फोन तोंडापासून लांब नेला नाही.